मनोरीला दोघी, नकाशावर दोन ठिपके

मनोरीला जायचं ते सुक्या बोंबलांसाठी, असं मी घरात सांगितलं. मे संपत आला की आमच्या बोरीवलीच्या घरात पावसाळ्याची मासळी भरून ठेवायची असते, आणि माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बाजारातले बोंबील पसंत पडत नाहीत. खरं कारण वेगळं होतं. बारावी झालेली माझी लेक सई शिकायला अहमदाबादला निघणार होती, आणि तिने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं की नवा फोन घ्यायचा तर धाकटीचाच.

धाकटी कोण ते आधी सांगते. आमच्या घरात फोनच्या दोन गोटांना थोरली आणि धाकटी म्हणतात, दोन जावांसारखं. थोरली म्हणजे ती महागडी कंपनी, नाकावर माशी बसू न देणारी, जिला सगळं स्वतःच्याच माहेरचं लागतं. धाकटी म्हणजे बाकीच्या सगळ्या, ज्यांचं कुणाशीही जमतं. आमचं घर थोरलीचं. नवा फोन माझा नवरा मंदार घेतो, त्याचा जुना माझ्याकडे येतो, माझा माईंकडे जातो. साड्या उतरतात तसे आमच्याकडे फोन उतरतात. दिराच्या लग्नात नव्या जाऊबाईंना शालूबरोबर थोरलीचा फोन दिला होता. तिचा आधीचा चांगला चालता फोन कपाटात गेला, आणि बिचारी हूं की चूं न करता नवीन शिकली.

थोरलीच्या फोनमध्ये आमच्या घराचा एक नकाशा आहे. घरातलं प्रत्येक माणूस म्हणजे त्यावरचा एक ठिपका. धाकटीकडेही असं काहीतरी असतं म्हणे, पण ते मुद्दाम लावून घ्यावं लागतं, आणि सईने आधीच सांगून ठेवलं होतं की ती लावणार नाही. मंदार मला गॅलरीत घेऊन म्हणाला, "तुझं ऐकते ती. जा दोन दिवस कुठेतरी, समजाव तिला." मलाही तेच हवं होतं. पोरगी परगावी जाणार हे ठरल्यापासून मी रात्री उठून तिच्या खोलीत डोकावून यायचे. तो ठिपका दिसत राहिला तर मी निभावून नेईन, असं मी मनाशी धरून बसले होते.

आता रस्ता. बोरीवलीकरांना गोराईच्या खाडीवरूनही मनोरी गाठता येते, पण मला मार्वेचा धक्का आवडतो. मालाडपर्यंत या, तिथून मार्व्याची बस किंवा रिक्षा पकडा. शनिवार-रविवार टाळा, कॉटेजवाले तोंडाला येईल तो आकडा सांगतात. मधल्या वारी गेलात तर फेरीवर पाय पसरून उभं राहता येतं, आणि दोघींचं तिकीट चहा-वडापावच्या पैशांत निघतं. आमच्या फेरीवर काही मोटारसायकली, बर्फाच्या लाद्या आणि डोक्यावर पदर घेतलेल्या दोन बाया होत्या. सकाळचं ऊन पाण्यावर असं पसरलं होतं की पलीकडचा काठ खरा आहे की नुसता भास, ते कळेना. इंजिनाची घरघर ऐकत मी मध्येच डोळे मिटून घेतले. मुंबईतच आहोत, हे विसरायला एवढं पुरतं.

सईने फोन पुढे केला. नकाशावर आम्ही दोघी निळ्या पाण्याच्या मधोमध चाललो होतो, पायाखाली काही नाही. मी हसेपर्यंत मंदारचा मेसेज आलाच: "पाण्यात काय करताय?"

सई म्हणाली, "बघ. साध्या बोटीत चढलो तरी हजेरी."

"काळजी असते त्यांना."

"माहितीये गं," ती म्हणाली आणि पाण्याकडे बघत राहिली.

आम्ही उतरलो हिराताईंकडे. हिराताई माईंच्या जुन्या मासेवाल्या. पूर्वी त्या टोपली घेऊन आमच्या सोसायटीत यायच्या. आता गुडघ्यांनी दगा दिला म्हणून गावातच विकतात, आणि घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. खोली साधी, पंखा जोरदार, खिडकीतून माडांच्या शेंड्यांमागे समुद्राची एक पट्टी. जेवण घरचंच: तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण, तळलेली मांदेली. राहण्याजेवणाचं मिळून आमच्याकडच्या एका बऱ्या हॉटेलच्या जेवणाएवढंच झालं. हॉटेलसारखी चादर-टॉवेलची अपेक्षा ठेवून जाऊ नका, म्हणजे मजेत राहाल.

दुपारी गाव झोपलं होतं. आम्ही वाळवणाच्या बाजूने फिरत गेलो. बांबूंवर शेवटचे बोंबील टांगलेले होते, खाली पसरलेल्या जवळ्याचा वास गरम हवेत थांबून राहिला होता. होड्या पावसाळ्यासाठी वर ओढून त्यांच्यावर माडाच्या विणलेल्या पात्यांची झापं घालायचं काम चाललं होतं. कुणालाच घाई नव्हती. मी सईच्या मागे मागे चालत होते, आणि तिची पाठ बघताना वाटलं की ही अशीच चालत राहावी आणि मी अशीच मागे असावं, बाकी काही नको. मग उगाच डोळे भरले, ते मी उन्हावर ढकललं.

संध्याकाळी हिराताईंच्या ओट्यावर मासळी निवडायला बसलो. त्यांच्या गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीतला फोन लटकत होता. सईने मुद्दाम माझ्याकडे बघत विचारलं, "ताई, कुठल्या कंपनीचा?"

"मना काय ठावा? भाच्यान दिला," हिराताई म्हणाल्या. "आवाज येतो, फोटो येतात. बिघडला तर दुसरा."

"बघ आई, काही प्रेम नाही, काही नाही."

"प्रेम गिऱ्हाइकावर करायचा गो, डब्यावर काय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या वाट्यात मूठभर जवळा वरून टाकला. माईंसाठी, न सांगता. मी विचारलं, तुमचं बांधलेलं गिऱ्हाईक शेजारणीकडे गेलं तर? त्यांनी जराशी मान उडवली. "जाऊदे. हाक नाय मारायची. वास चांगला असला तर येतोच परत. नाय आला तर सोमतीचा नशीब." सोमती म्हणजे शेजारची. तिने आतून काहीतरी झणझणीत उत्तर दिलं आणि दोघी खुसखुसल्या.

हे सईला आयतंच मिळालं. वाळूवर उतरल्यावर ती सुरू झाली, "माई हिराताईंकडे परत येतात कारण मासळी झकास असते. आपण थोरलीकडे परत जातो कारण सुटायची सोय नाही. सगळे फोटो तिच्याकडे, घड्याळ तिचं, कानात घालायचं तिचं. आपण गिऱ्हाईक नाही आई, आपण तिच्या दावणीला आहोत."

"अगं पण फोन टिकतो ना? वर्षानुवर्षं चालतो. उगाच का लोक रांगा लावतात? आणि ती दुसरी तरी काय धर्मादाय आहे? ती तर सगळं बघून जाहिराती दाखवते."

"दोघीही सारख्याच असतील. पण धाकटीच्या गोटात एका कंपनीचा कंटाळा आला तर मी दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. गिऱ्हाईक जाईल ही भीती असली की कंपनी जरा नीट वागते. एकच जाऊ सगळं घर चालवायला लागली की काय होतं, तुला माहितीये."

मला हसू आलं. असे मुद्दे आमच्याकडे टेबलावर रोज होतात, कॅमेरा, बॅटरी, दुरुस्तीचे पैसे. मंदार तर थोरलीवर कुणी बोट ठेवलं की माहेरच्या माणसासारखा चिडतो. पण मला कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि इथे, ओहोटीने ओली चकचकीत करून ठेवलेल्या वाळूवर, मला वाद घालवेना. मी सरळच बोलले. "सई, घे तुला हवा तो. फक्त नकाशावर राहा. मी फोन करणार नाही सारखा. रात्री झोपायच्या आधी एकदा बघेन, की आहे जागेवर. एवढंच दे मला."

ती पायाच्या अंगठ्याने ओल्या वाळूत रेघ ओढत राहिली. सूर्य पाण्याला टेकला होता, सगळं केशरी आणि सावकाश झालं होतं. लांबवर एक बाई पायाने शिंपले उकरत चालली होती.

"आई, तुला वाटतं त्या नकाशात तू एकटीच बघतेस?"

"म्हणजे?"

"मीपण बघते ना. तू ऑफिसातून सुटतेस आणि तुझा ठिपका बसस्टॉपवर नसतो. तलावापाशी असतो, कितीतरी वेळ, एकाच जागी. मग घरी येऊन सांगतेस, मीटिंग लांबली."

माझं ऑफिस पवईला आहे. सुटल्यावर मी तलावाच्या काठच्या एका कट्ट्यावर जाऊन बसते. कुणी भेटत नाही, काही करत नाही. पाण्यात मगरी आहेत म्हणतात, मला अजून एकही दिसलेली नाही. तिथे मला कुणी चहा मागत नाही, कुणी डबा विचारत नाही. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते माझं राहिलं नसतं.

मला आधी राग आला, खोटं कशाला बोलू. कपाट उघडताना कुणी पकडावं तसं झालं. "कुणाला बोललीस?"

"वेडी आहेस का. बाबा विचारायचे, आई अजून पवईतच कशी? मी सांगायचे, ट्रॅफिक असेल. बाबा झूम करत नाहीत."

मी खाली वाळूत बसले. कधीपासून ही पोरगी माझ्या वतीने थापा मारत होती आणि मला पत्ता नव्हता.

"मला वाईट नव्हतं वाटलं," सई माझ्या शेजारी बसत म्हणाली. "उलट बरं वाटायचं, की तुझं काहीतरी आहे. फक्त मी ते बघायला नको होतं. एकदा दिसलं की बघितलंच जातं, यार. मला अहमदाबादला माझी पण अशी जागा हवीये. आणि तुझ्यावरची माझी नजर पण काढून घ्यायचीये."

मी सरकून तिला टेकले. तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. एरवी हे उलटं असतं आमच्यात. अंधार पडायला लागला, हिराताईंच्या घराचा दिवा लागला, तरी आम्ही उठलो नाही.

सकाळी बोंबील, जवळा आणि माईंसाठी सुके बांगडे अशी भली मोठी पिशवी घेऊन फेरी पकडली. टीप: पिशवीवर आणखी दोन पिशव्या चढवा, नाहीतर परतीच्या रिक्षात तोंडं वाकडी होतात. मार्व्याला उतरल्याबरोबर मंदारचा फोन. "ऐकलं का तिने?"

"नाही," मी म्हटलं, "मी ऐकलं तिचं."

तो दोन दिवस धुमसला. घर फुटायची सुरुवात अशीच होते, वगैरे. पण दुकानात आला, आणि धाकटीच्या फोनला काचेचं कव्हर त्यानेच घासाघीस करून घेतलं. जाऊबाईंनी सईला कोपऱ्यात गाठून विचारलं, सगळं उचलून तिकडे न्यायला किती त्रास होतो? बहुतेक कपाटातला फोन त्यांना आठवला असावा.

सई गेली. नकाशावरून तिचा ठिपका गेला. सुरुवातीला मी रोज नकाशा उघडायचे आणि बोटाने सरकवत अहमदाबादपर्यंत न्यायचे. रस्ते दिसायचे, नदी, बागा, पूल. ती कुठेच नसायची. फार जड गेलं, आणि अजूनही जातं. पावसाळा त्या बोंबलांवर निघाला. तुम्ही मनोरीला जाल तर मधल्या वारी जा, ओहोटीच्या वेळी चाला, आणि ज्याच्याशी बोलायचं राहिलंय त्याला बरोबर न्या. बाकी तिथे बघण्यासारखं खास काही नाही, आणि तेच बरं आहे.

मागच्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर कट्ट्यावर बसले होते. पाणी स्थिर होतं. फोन वाजला.

"आई, कुठे आहेस?"

इतक्या वर्षांत आमच्या घरात मला हे कुणी विचारलं नव्हतं. कुणाला गरजच पडली नव्हती.

"तलावापाशी," मी म्हटलं.

"मग सांग ना, काय दिसतंय?"

मी सांगायला लागले. माझी बस समोरून निघून गेली.