डायनामोची मुँहदिखाई

उस्मानभाई मंगरूळपीरला दर्ग्याच्या मागच्या गल्लीत राहत, आमच्या भिंतीला भिंत लागून. शिरपूरच्या जैन मंदिराला येणाऱ्या यात्रेकरूंची ते आपल्या जुन्या मोटारीतून ने-आण करत. मोटार बिघडली की घरच्या अंगणातच उघडायची. हातभार लावायला बायको, अमीनाबी.

त्या मोटारीचा डायनामो सारखा जायचा. इंजिन फिरलं की वीज करून बॅटरी भरायची, हे त्याचं काम. दुसरा बसवला तरी तो आपोआप जागा होत नसे. बॅटरीची तार त्याच्या लहान स्क्रूला क्षणभर टेकवायची, ठिणगी उडाली की झालं. अमीनाबी याला मुँहदिखाई म्हणे. डायनामो ही नवी दुल्हन, बॅटरी तिची सासू. सासूनं तोंड पाहिल्याशिवाय सून कामाला लागत नाही, असं म्हणून ती हसायची. तार टेकवणं तिचंच काम. उस्मानभाई बोल्ट आवळत, पट्टा चढवत आणि हाक मारत. ती पिठाचे हात पदराला पुसत यायची, बिस्मिल्ला म्हणून तार टेकवायची. लग्न झाल्यापासून हे असंच.

सत्तावन्नच्या उन्हाळ्यात अमीनाबीच्या पोटात दुखू लागलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आजच अकोल्याला न्या, उशीर करू नका. अकोल्याची प्रवासी सर्व्हिस गाडी सकाळीच निघून गेली होती. घरची मोटार होती, पण डायनामो गेलेला आणि बॅटरी अर्धी उतरलेली. दुसरा डायनामो घरात आणून ठेवला होता, तेवढं बरं.

उस्मानभाईंनी भर उन्हात तो बसवायला घेतला. अमीनाबी ओसरीत बाजेवर कण्हत होती, मी तिला वारा घालत होते. पाना दोनदा निसटला. पट्टा चढवला, मोटार ढकलून सुरू केली आणि आम्ही निघालो. अमीनाबीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी मनातल्या मनात देवीचा धावा करत होते.

महान मागे पडलं. बार्शीटाकळीच्या अलीकडे इंजिन खोकू लागलं आणि बंद पडलं. उस्मानभाईंनी झाकण उघडलं आणि नुसते उभे राहिले. अमीनाबीनं डोळे उघडून विचारलं, "मुँहदिखाई कोणं केली?"

त्यांनी डायनामोच्या लहान स्क्रूकडे पाहिलं. तेव्हा मलाही उमगलं. सगळं त्यांनी केलं होतं, पण तार टेकवणं त्यांचं काम कधीच नव्हतं, म्हणून त्यांना आठवलंच नाही. ते फक्त हाक मारत आले होते, आणि आज हाकेला उठणारं कोणी नव्हतं.

"तार माह्या हातात द्या," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी तिला धरून पुढे नेलं. तिनं बिस्मिल्ला म्हटलं, तार टेकवली. ठिणगी उडाली नाही. तिनं पुन्हा टेकवली. बॅटरी वाटेतच पार उतरली होती.

"सासूबाई निजल्या," ती म्हणाली, आणि थोडी हसलीसुद्धा.

उस्मानभाई बैलगाडी आणायला जवळच्या गावाकडे पळत गेले. मी तिला बाभळीखाली निजवलं, तोंडात पाणी घातलं. तिनं कलमा म्हणायला सुरुवात केली. मला तो येत नाही, म्हणून मी नुसता हात धरून बसले. बैलगाडी आली तेव्हा हात थंड पडला होता.

मोटार त्यांनी विकली नाही. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. पुढे डायनामो पुन्हा गेला. बोल्ट आवळून झाले तसे ते भिंतीपाशी आले.

"वैनी, जरा या. तार टेकवाची हाये."

"तुमीच टेकवा ना, भाऊ."

"माह्या हातानं होत नाई."

मी हात धुऊन गेले. मला बिस्मिल्ला म्हणता आलं नाही, मी आपल्या देवाचं नाव घेतलं आणि तार टेकवली. ठिणगी उडाली. उस्मानभाई तोंड फिरवून ओसरीतल्या रिकाम्या बाजेकडे पाहत होते.