नानाने मागून धरलेली गाडी

दवाखान्यातून वहिनींचा फोन आला. "भावजी, जरा लवकर या," एवढंच त्या बोलल्या, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नानाची मोटारसायकल एकट्याने पायऱ्यांवरून वर चढवायला घेतली. नाना माझा थोरला भाऊ. त्याचा चष्मा आणि धुतलेले कपडे न्यायला मी थोडा वेळ घरी आलो होतो. एरवी ई-रिक्शाने ये-जा करत होतो, पण त्या सकाळी गल्लीत एकही दिसेना, म्हणून बागेत चिकूखाली उभी असलेली गाडी काढली. पायऱ्यांवर लाकडी फळीचा पटिया टाकला, इंजिन सुरू केलं, पहिला गियर टाकला आणि गाडीच्या बाजूने पायऱ्या चढू लागलो. अर्ध्यावर इंजिन बंद पडलं. गाडी वर जाईना, खाली उतरवता येईना. दोन्ही हातांनी ती कशीबशी धरून उभा होतो, तेवढ्यात खिशातला फोन पुन्हा वाजू लागला. वाजत राहिला... आणि थांबला. मला तो उचलता आला नाही, पण काय ते कळलं.

माधवनगरातलं हे घर वडिलांनी बांधलं तेव्हा रस्त्यावरून सरळ बागेत शिरता यायचं. पण उज्जैनला दर सिंहस्थाला रस्ते नवे होतात, जुना न खोदता त्याच्यावरच नवा थर चढतो. रस्ता वर जात राहिला, आमचं घर होतं तिथेच राहिलं. आता फाटक वर आणि बाग खाली, मध्ये सिमेंटच्या पायऱ्या. पाहुणे विचारतात, घर खड्ड्यात का बांधलंत? नाना त्यांना सांगायचा, "हम नहीं उतरे, शहर चढ़ गया." गाडी रात्रभर रस्त्यावर ठेवणं त्याला मंजूर नव्हतं. जुन्या दाराची एक सागवानी फळी होती (आम्ही उज्जैनचे मराठी लोक तिला पटियाच म्हणतो), ती पायऱ्यांवर टाकून गाडी सकाळी वर आणि संध्याकाळी खाली, असं वर्षानुवर्षं चाललं. बँकेची नोकरी संपली तरी त्यात फरक पडला नाही.

संध्याकाळी फाटकापाशी एक हॉर्न वाजायचा. तो माझ्यासाठी. मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो. हातातला चहा ठेवून, बातम्या अर्ध्या सोडून, चरफडत खाली यायचो आणि गाडीचं कॅरियर मागून धरायचो. पुढे नाना. गाडी उतरवायची त्याची रीत पक्की होती. इंजिन बंद, गाडी पहिल्या गियरमध्ये, डाव्या हातात क्लच. क्लच दाबला की गाडी घरंगळते, सोडला की जागच्या जागी थांबते. दाबत-सोडत, दाबत-सोडत तो ती खाली आणायचा, झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी. एकदा मला पुढे उभं करून त्याने शिकवायला घेतलं. मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं, हातात होतं ते सगळं घट्ट आवळलं. गाडी सुटलीच होती. त्याने मागून ओढून धरली आणि म्हणाला, "अबे, घाबरलास तर सोड ना. सोडलं की रुकते ती." माझ्याच्याने ते कधी झालं नाही. मी मागेच बरा होतो.

पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा पक्का उतरता रपटा करून घे, म्हणजे कुणाला उठवायला नको, असं मी त्याला किती वेळा सुनावलं असेन. तो कधी चिकूचं कारण सांगायचा, कधी मोगऱ्याचं. एकदा मी फारच कटकट केली तेव्हा हसत म्हणाला, "रपटा झाला की तू खाली येशील का रे? वरूनच हात हलवशील." मी चिडून वर निघून गेलो होतो. 

मग त्याचा डावा हात थरथरू लागला. नेमका डावा, क्लचचा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गाडी चालवणं बंद केलं. त्यांच्यासमोर नानाने मान डोलावली, आणि घरी आल्यावर मला म्हणाला, उद्यापासून तू पुढे, मी मागे. गाडी दिवसातून एकदा तरी वर जायलाच हवी, असा त्याचा हट्ट. मी गाडी चढवायची, वर नेऊन त्याला मागे बसवायचं, आणि आम्ही रामघाटापर्यंत किंवा नुसते देवास गेटपर्यंत जाऊन यायचो. वहिनी दारात उभ्या राहून बघायच्या. पायऱ्यांवर चढता-उतरताना मी क्लच-ब्रेक आवळून घामाघूम, आणि मागून नानाचा आवाज, "आराम से. धरलीय मी. चल." त्याने काहीही धरलेलं नसायचं. त्या बोटांनी शर्टाचं बटण लागत नव्हतं, ती गाडी काय धरणार. एकदा मी मान वळवून पाहिलं, हात कॅरियरवर नुसते ठेवलेले होते आणि थरथरत होते. मी पुढे बघितलं आणि गाडी चढवली. तो धरल्याचं सांगत राहिला, मी ऐकत राहिलो, आणि गाडी रोज वर गेली. मागे त्याची काहीच मदत नव्हती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल?

पावसाळा सरता सरता त्याच्या छातीत कफ झाला आणि तो दवाखान्यात गेला. आम्हाला वाटलं, चार दिवसांत घरी येईल. तो बोलत होता, वहिनींना चिडवत होता. मला विचारलं, गाडी खाली आहे ना? मी हो म्हटलं. मग दम लागू लागला, तोंडावर मास्क आला, आणि आमच्या हाती बाहेर बाकावर बसणं तेवढं उरलं. काय करायचं तेच कळत नाही, असे ते दिवस... आणि शेवटी ती सकाळ.

फोन थांबल्यावर मी किती वेळ तसाच उभा होतो, सांगता येणार नाही. मागे कुणी नव्हतं. गाडी कणाकणाने मागे सरकत होती, पटिया करकरत होता, आणि मी सवयीने सगळं आवळून धरलं होतं. मग डाव्या हाताची बोटं उघडली. क्लच सुटला, गाडी गचकन थांबली. ती भिंतीला टेकवली, फोन काढला आणि वहिनींना लावला. त्या म्हणाल्या, "आता घाई नका करू, भावजी." डॉक्टर नंतर म्हणाले, मी पोचलो असतो तरी त्याला कळलं नसतं. मला तर कळलं असतं.

शेजाऱ्यांनी त्या दिवशी गाडी खाली उतरवून चिकूखाली लावली. ती तिथेच आहे. वहिनींना विचारलं, तिचं काय करायचं? म्हणाल्या, "राहू द्या ना. कोणाला चढवायची आहे आता." पटिया मी भिंतीला उभा करून ठेवला आहे.

परवा संध्याकाळी फाटकापाशी हॉर्न वाजला. कुणीतरी वाटेत आलेल्या गाईला हटवत असेल. मी चहा ठेवला, जिना उतरलो आणि गाडी धरायला निघाल्यासारखा पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभा राहिलो. मागे वळून पाहिलं तर वहिनींनी बागेतला दिवा लावला होता आणि त्या दारात उभ्या होत्या.  थोड्या वेळाने त्यांनी दिवा मालवला.