ओळखीची सही

“तिथंच थांब. पायरीवरून बोललीस तरी ऐकू येतं मला.”

अकोल्याच्या वकीलसाहेबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या ओसरीवर तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बी.ए. झालेली. अमरावतीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. खाली अंगणात माझी आई झाडत होती. मला आठवतं तेव्हापासून ते अंगण तीच झाडत होती.

मुलांनो, तुम्ही उठता आणि विमानात बसता. मी पहिल्यांदा परदेशी निघाले ती सिलोनला. आता त्याला श्रीलंका म्हणतात. आम्ही बौद्ध झालो त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. अमरावतीतली आमची काही माणसं मिळून तिथल्या अनुराधपूरचा बोधिवृक्ष पाहायला जाणार होती. धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, पुढे बोट. आई मूळची हिवरखेडची. तिनं समुद्र पाहिला नव्हता. “माह्यासाठी एक पान आणजो,” एवढंच ती म्हणाली होती.

पासपोर्टच्या अर्जाला एक अट होती. ‘अर्जदाराला मी स्वतः ओळखतो’ याखाली मॅजिस्ट्रेटची सही लागायची. वकीलसाहेब ऑनररी मॅजिस्ट्रेट होते. आणि ओळखत तर होतेच. मी लहान असताना पाहुणे आले की ते मला अंगणात उभं करत आणि इंग्रजी कविता म्हणायला लावत. “झाडणारणीची पोर बघा, कशी पोपटासारखी बोलते.” पाहुणे हसत. मीही हसायची. मला ते कौतुक वाटायचं.

त्या दिवशी ओसरीवर कापसाचे एक व्यापारी बसले होते. तेही सिलोनला निघाले होते. वकीलसाहेब एकदा जाऊन आलेले, आता पत्नीला घेऊन पुन्हा जाणार होते. त्यामुळे सगळं गाव सल्ला घ्यायला त्यांच्याकडे यायचं.

“देवीची लस टोचून घ्या,” ते सांगत होते. “कॉलऱ्याचं इंजेक्शनही. दाखले खिशात ठेवा, ट्रंकेत नको. नाहीतर बोटीवर चढू देत नाहीत. देवळात जोडे, टोपी चालत नाही. आणि बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथल्या लोकांना फार अपमान वाटतो.”

तिथल्या लोकांना कशाचा अपमान वाटतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मी पायरीवर उभी. ऊन पायांवर आलेलं. या पायावरून त्या पायावर होत होते. कागद हातात ओला होत होता. तोंडून निघून गेलं, “मले आज परत अमरावतीले जाणं हाय, साहेब.”

वकीलसाहेबांच्या पत्नी, बाईसाहेब, आतून हसल्या. “बी.ए. झाली तरी ‘मले’ काही गेलं नाही हिचं.”

व्यापारीही हसले. वकीलसाहेबांनी अर्ज मागितला. मी पायरीवरूनच हात लांब केला, त्यांनी कोपऱ्याला धरून ओढून घेतला. वाचला. मग पेन काढलं आणि एक शब्द खोडला. वर दुसरा लिहिला. खाली झोकदार सही केली.

अर्ज हातात आला. ‘धंदा’ या रकान्यात मी ‘टीचर’ लिहिलं होतं. आता तिथं ‘आया’ होतं.

“हिचे गुडघे दुखतात,” बाईसाहेबांकडे बोट करून ते म्हणाले. “प्रवासात सोबत बाई लागेल. तू आमच्याबरोबरच चल. तुझंही सिलोन होईल.”

मी म्हटलं, “पण मी शिक्षिका आहे.”

“असशील. पण शिक्षिकेला मी कुठं ओळखतो? आमच्या झाडणारणीच्या मुलीला ओळखतो.”

ते रागावले नव्हते. पान खात खात बोलत होते. त्याचंच मला जास्त लागलं. खाली झाडूचा आवाज थांबला. आई पायरीपाशी आली आणि हळूच म्हणाली, “घे ना वं माय. सही तं झाली. कागदावर काय लिवलं ते बुद्धाले थोडंच वाचता येते?”

क्षणभर मी डळमळले. खोटं कशाला सांगू? बोट दिसत होती. ते झाड दिसत होतं. तिच्या हातात ठेवलेलं पान दिसत होतं.

“त्याले नसन येत,” मी म्हटलं. “मले येते.”

या खेपेला ‘मले’ चुकून आलं नव्हतं.

अर्ज मी ओसरीच्या कडेवर ठेवला. “मले वळखत नसान तं सही खोडा, साहेब. आया मी नाही.”

व्यापाऱ्यांनी मान वळवली. बाईसाहेब म्हणाल्या, “उद्यापासून तुझ्या आईनं यायचं की नाही, तेही तूच ठरवलंस वाटतं.”

 आईनं उरलेलं अंगण झाडून पुरं केलं, मगच निघाली.  आमच्या घराशी आल्यावर म्हणाली, “पान नाही आलं तं नाही आलं. पन माह्या कामाचं तू मले इचारलं नाही.” ते खरं होतं. मी विचारलं नव्हतं. आणि विचारलं असतं, तर ती नको म्हणाली असती आणि मी आया झाले असते. त्या दिवसानंतर तिला त्या घरी बोलावणं आलं नाही. आमची माणसं बोटीनं गेली. मी गेले नाही.

दुसरा अर्ज मी माझ्या अक्षरात लिहिला. धंदा : टीचर. शाळेला सुट्टी मिळाली त्या दिवशी अकोल्याच्या कचेरीत गेले. दारावरच्या शिपायानं अडवलं.

“कोनाच्या वळखीनं आल्या, बाई?”

“माझ्या.”

त्याला ते समजलं नाही. मी आत जाऊन मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या दारासमोरच्या बाकावर बसले. साहेब येईपर्यंत उठायचं नाही. आल्यावर त्या कागदावर खोटं एक अक्षर लिहू द्यायचं नाही. त्यांनी नाही म्हटलं, तर दुसऱ्या साहेबाच्या दारात बसायचं.