बाजाराची जागा

“काऊन रे, नगरसेविकेच्या नवऱ्या! माह्या दारातला नळ कुठी हाय?”

शेजारच्या काकूंचा आवाज असा, की मोताळ्याच्या बाजारातल्या बैलानं कासरा तोडावा. गल्लीत टँकर उभा, त्यामागे बायकांची रांग, आणि काकूंनी पाण्याचा रिकामा पितळी गुंड आमच्या ओट्यावर आपटलेला. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आवाज तेवढा शाबूत.

बायको निवडून आली तेव्हा हार तिच्या गळ्यात पडले, शिव्या मात्र माझ्याकडे सोपवण्यात आल्या. आमच्या गल्लीची पाइपलाइन नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात पक्की होती. तोटी कुठं बसेल ती जागाही मी काकूंना दाखवली होती. त्यांनी तिथं गुंड ठेवायला फरशीसुद्धा बसवून घेतली.

मग सरकारला आठवलं, की आठवडी बाजार भरतो ती जमीन आपली आहे. विकत घ्या, नाहीतर मोकळी करा. “माझा पणजा त्या जागेवर वांगी विकत होता, तेव्हा सरकार पाळण्यात होतं!” असं मी चौकात ठणकावलं. पणज्यानं जन्मात वांगं विकलं नव्हतं, पण चौकात कोण पाहायला जातो? नगरपरिषदेनं जमीन घेतली आणि पाइपलाइनचा पैसा तिच्यात जिरला. सभेत विरोधात बायको एकटीच उभी राहिली. “जे वापरूनच राह्यलो, ते विकत घेऊन नवं काय भेटते?” तिला उत्तर मिळालं, “मालकी.”

मालकी आली आणि नगरपरिषदेच्या अंगात आलं. गेलेला पैसा भरून काढायचा म्हणून भोवती तार ठोकली, चुन्यानं ओटे आखले, बसायची पावती दुप्पट केली. पुढच्या बाजाराला भाजीवाल्या बायकांनी पावती पाहिली, टोपल्या उचलल्या आणि त्या रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसल्या. पलीकडे शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीची हद्द लागते. अख्खा बाजार कोथिंबिरीसकट रस्ता ओलांडताना मी या डोळ्यांनी पाहिला.

मी समजवायला गेलो. कांदेवाली मावशी म्हणाली, “आमचं भांडण नाही, बाप्पा. तिकडं पावती, इकडं कडुलिंबाची सावली. तूच सांग, कुठी बसू?” मी कांदे घेतले. तिथूनच.

आता जमीन आपली आहे आणि तिच्यावर बकऱ्या चरतात. बाजाराची वसुली बुडाली, तशी टँकरच्या डिझेलच्या पैशालाही कात्री लागली. ते बायकोनं कालच सांगितलं होतं. काकूंना सांगायचं काम अर्थात माझं.

“काकू, आपलं गाव जमीनदार झालं!” मी ओट्यावर उभा राहिलो. “उद्या तिथं गाळे होतील, मुंबईचे शेठ भाड्यासाठी रांग लावतील. मग नळाले पाणी काय, दूध सोडू आपण दूध!”

रांगेतलं कुणी हसलं नाही. काकूंच्या दारातल्या फरशीवर कुत्रं पसरलं होतं. मी खाली बसलो.

“टँकर आता एक दिवसाआड येईल, काकू.”

काकूंनी गुंड माझ्याकडे सरकवला.

“मंग आज दोन जास्त भरून दे.”