देवास ते धार : ज्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता

ज्या माणसाशी नऊ वर्षं रोज बोलले, त्याचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता, म्हणून मी धारला गेले. नवरा म्हणाला, "अगं, तोंडसुद्धा पाहिलेलं नाहीस आणि चाललीस?" बरोबरच होतं त्याचं. पण मला घरात बसवेना.

देवासच्या कारखान्यात मी माल पाठवण्याच्या विभागात आहे. आमचं गोदाम धारला. दोन्हींच्या मध्ये कंपनीने लीज लाईन घेतली होती, म्हणजे वर्षाचं भाडं भरून फक्त आपल्यासाठी राखलेली तार. नंबर फिरवायचा नाही, इकडे रिसीव्हर उचलला की तिकडे घंटी वाजणार. एसटीडीसारखी मिनिटांची धाकधूक नाही. पुढे त्याच लाईनवर मॉडेम बसला आणि मालाचे आकडेही जाऊ लागले.

तिकडे दिघेकाका असायचे. लाईन जोडली त्या दिवशी इंजिनियरने आवाज तपासायला एक ते दहा मोजायला सांगितलं, ते काकांनी कधी सोडलंच नाही. रोज सकाळी नऊला ते दहापर्यंत मोजायचे, मी "साफ!" म्हणायची, मग काम.

शेवटच्या वर्षी आवाजात खरखर यायला लागली. मी तीनदा तक्रार नोंदवली. तिन्ही वेळा तार तपासून उत्तर आलं, दोष नाही. मी काकांपाशी तणतणले, "ह्यांचे कान तपासायला हवेत!" मॉडेमवरचे आकडे मात्र एकदाही चुकत नव्हते. मी काही तेवढा विचार केला नाही. मग काका रजेवर गेले, आणि त्यातच कंपनीने आम्हाला मोबाईल देऊन लाईन परत केली. गोदामातला नवा माणूस एवढंच सांगायचा, "छुट्टी पे हें. मोबाइल नी हे उनके पास."

दोन महिन्यांनी, एका रविवारी मी निघाले. तुम्हाला जायचं असेल तर सकाळी सातची इंदूरची बस धरा, गंगवाल बसस्टँडवर उतरून पोहे-जिलबी खा आणि तिथूनच धारची बस पकडा. जाऊन-येऊन शंभराची नोट पुरते. घाटाबिल्लोदच्या पुढे रस्ता हाडं खिळखिळी करतो. बेटम्यानंतर मोबाईलच्या सिग्नलच्या रेघा एकेक करत गेल्या. खिडकीतून मी टेलिफोनचे खांब बघत होते. आमची तार ह्याच रस्त्याने जात असेल का, कोण जाणे.

गोदामाच्या चौकीदाराने मला नीट बघून घेतलं. "दिघे बाबूजी? वो तो अब नी आते, दीदी. किले के नीचे रेते हें, हनुमान मंदिर के पास."

किल्ल्याच्या लाल भिंतीखाली घर सापडलं. काकूंनी दार उघडलं. "मी देवासहून आले, सुनीता," म्हणाले, तशी आत खुर्ची सरकली. माझ्या आवाजावर एक वाळलेले गृहस्थ बाहेर आले. गळ्याला पांढरा रुमाल.

"इंदूरला आपरेशन झालं हो," काकू म्हणाल्या. "गळ्याचा रोग. जीव वाचला, पण वाचा गेली. दागदर म्हणाले, जरा आधी आणायला पाहिजे होतं."

मी काकांकडे वळले. "काका, मी तार खराब म्हणून तक्रारी करत राहिले. तुमची चौकशी एकदाही केली नाही."

मुलीने नुकताच आणून दिलेला मोबाईल काकांनी काढला. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकेक बटण दाबत मेसेज लिहिला आणि माझ्यापुढे धरला. "तू लाईनला दोष द्यायचीस, ते ऐकून मलाही धीर यायचा. मी पण लाईनच खराब मानत होतो. तिसऱ्यांदा लाईनमन आला. म्हणाला, बाबूजी, तार साफ हे, आप गला दिखाओ. मग गेलो."

मी रडले. काकूंनी दाल-बाफले वाढले. काकांना पातळ वरण. निघताना आम्ही एकमेकांचे नंबर घेतले, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

परतीच्या बसमध्ये, आणि घरी आल्यावरही, एकच विचार पाठ सोडत नव्हता. पहिल्या तक्रारीच्या दिवशी मी नुसतं "काका, तब्येत बरी ना?" विचारलं असतं तर? ह्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला मोबाईल वाजला. काकांचा नंबर. मेसेज करता येत असताना ह्यांनी फोन का केला? मी उचलला. पलीकडे शांतता. मग नखाने वाजवल्यासारखं, टक. पुन्हा टक. मी मोजू लागले. सात झाल्यावर काका जरा थांबले, खोकल्याची धाप ऐकू आली. मी थांबून राहिले. मग आठ, नऊ, दहा.

"साफ, काका," मी म्हणाले. "आणि तब्येत बरी ना?"

हो म्हटल्यासारखी एक टक आली.