लाडू टाइपातली पाटी

"ही पाटी लावून सकाळपासून तीनदा गाडी अडवली माझी. प्रसूतिगृहाची पाटी छापलीत की मोर्चाची?"

डॉक्टरीणबाईंनी पाटी टेबलावर आपटली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. त्यांचं प्रसूतिगृह गिरगावातच, आमच्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत. बंद असला की परळ-लालबागच्या अडलेल्या बायकांना आणायला त्यांची व्हॅन निघायची. काचेवरची पाटी मी जुळवलेली. मी कंपोझिटर, म्हणजे एकेक खिळा उचलून ओळ लावणारा.

पाटी उलटसुलट पाहिली. एक चूक नव्हती.

"बाई, अक्षरं तर रस्त्यापलीकडून वाचता येतात."

"वाचतो कोण? पोलीस लांबूनच काठी आडवी करतात."

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला लालबागला माहेरी गेली होती. दिवस भरले होते. ती याच गाडीतून यायची होती.

मान वर केली, तर समोर दोरीवर सभेची पोस्टरं वाळत होती. तोच टाइप! उभा, काळा, धारदार कोपऱ्यांचा. आम्ही त्याला 'तलवार' म्हणायचो. शहरभर मोर्चाची पोस्टरं त्यातच निघत होती. ठळक हवं म्हटल्यावर माझा हात सवयीने त्याच केसकडे, खिळ्यांच्या खणांकडे, गेला होता. स्वतःच्या अकलेची कीव आली.

"अण्णा, लाडू काढू?" मी मालकांना विचारलं.

'लाडू' हा दुसरा लाकडी टाइप. अण्णांनी जुन्या इंग्रजी अक्षरांच्या वळणावर हौसेने कोरून घेतलेला. तलवारीइतकाच जाड, पण कोपरे सगळे गोल. कान्याच्या तळाला छोटी टाच. इंग्रजीत तिला सेरिफ म्हणतात. अक्षर कसं, जेवून ऐसपैस बसल्यासारखं. बिस्किटं, केसांचं तेल, बाळाची पावडर, एवढ्यालाच वापरायचा. गंभीर कामाला त्याला कोणी हात लावत नसे.

"अरे, दवाखान्याची पाटी ती! बिस्किटाची जाहिरात वाटेल," अण्णा म्हणाले.

"वाटू दे. बिस्किटाला कोणी अडवत नाही."

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. "छापा."

पंधरा मिनिटांत प्रूफ, तासाभरात पाटी.

तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. दुपारी व्हॅनचा ड्रायव्हर पास्कू दारात. खोताच्या वाडीतला, बोलायला फटकळ. "चल रे, सासरवाडीचा निरोप आलाय. बस पुढे."

जाताना कोणी हटकलं नाही. येताना मागे बायको कण्हत होती, सासूबाई देवाचं नाव घेत होत्या. लालबागच्या नाक्यावर पोलीस उभे. हवालदाराने लांबूनच पाटी पाहिली आणि बाजूला होत हात हलवला. पुढच्या वळणावर पोरांचा घोळका, हातात दगड. एकजण ओरडला, "ए, बाळंतिणीची गाडी हाय, सोडा!"

पास्कू म्हणाला, "तुझा लाडू चालला रे!"

माझे डोळे भरून आले होते.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. दोघी सुखरूप. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही. बारशाची आमंत्रणं अण्णांनी हट्टाने लाडूतच छापली.

पुढे नोकरीभर एक नियम पाळला. मोठ्या टाइपाचं काम आलं की गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, वाचणाऱ्याच्या हातात काय असणार, काठी, दगड की बिस्किटाचा पुडा? शुद्धलेखन नंतर बघता येतं.