चाकणची सहल आणि जाधव मॅडम

प्रमोदच्या कंपनीत फॅमिली डे ठरला तेव्हा घरात सगळ्यात जास्त उत्साह मलाच होता. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. प्रमोद म्हणजे माझा नवरा, चाकणला गाड्यांचे डॅशबोर्ड बनवणाऱ्या कंपनीत टीम लीडर. आमची सानिका अकरा वर्षांची. पहिलीनंतर आम्ही तिची शाळा बंद केली, तेव्हापासून ती घरीच शिकते. कारण अगदी साधं होतं. प्रमोदच्या शिफ्ट फिरत्या, तिची शाळा ठरलेल्या वेळेची, त्यामुळे बापलेकीची धड गाठ पडायची ती रविवारी. मग आम्ही शाळाच फिरती केली. त्याची फर्स्ट शिफ्ट असली की गणित संध्याकाळी, सेकंड असली की सकाळी, आणि थर्डच्या आठवड्यात तो झोपून उठेल तेव्हा. बाकीचे विषय माझ्याकडे. त्यासाठी मी चिंचवडच्या ऑफिसातली अकाउंट्सची नोकरी सोडली, तीही हसत हसत.

तर चाकण. मुलांना घेऊन एका दिवसात बघण्यासारखं तिथे बरंच आहे, आणि ते कुणी बघत नाही. कारखाना, कांद्याचा बाजार आणि भुईकोट किल्ला. मी आठवडाभर तयारी केली. रोबोट म्हणजे काय, कांद्याचा भाव कसा ठरतो, मोगलांच्या फौजेपुढे एवढासा किल्ला कसा झुंजला, सगळं सानिकाकडून करून घेतलं. पोरगी सांगेल ते करत होती. कुरकुर नाही, प्रश्न नाही. मला वाटलं, केवढी समजूतदार आहे.

शनिवारी सकाळी काळेवाडी फाट्यावरून कंपनीची बस पकडली. तुम्ही आपापले जाणार असाल तर पीएमपीने भोसरी गाठा आणि तिथून चाकणची बस धरा. पण काहीही करा, सकाळी लवकर निघा. मोशीपर्यंत रस्ता माणसांचा असतो, तिथून पुढे कंटेनरचा. एका चौकात बस इतका वेळ उभी राहिली की शेजारच्या ट्रकवाल्याने खाली उतरून चहा पिऊन घेतला. मागच्या सीटवरच्या बाई पुटपुटल्या, "आमचा माणूस रोज असा जातो होय? मग घरी येऊन चिडतो ते बरोबरच आहे." बसमध्ये सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. नाश्ता घरून करून निघा, वाटेतल्या वडापावच्या गाड्यांवर कामगारांचीच झुंबड असते.

कारखाना मात्र बघावा असा. चकचकीत फरशी, त्यावर हिरव्या पट्ट्यांमधूनच चालायचं, कानात बोळे घालायचे. आमच्यासाठी जोडणीची एक लाईन मुद्दाम चालू ठेवली होती. प्रमोद कोपऱ्याकोपऱ्यात थांबून समजावत होता. घरी बनियनवर गणित शिकवणारा हा माणूस इथे इस्त्रीच्या शर्टात इतका रुबाबदार दिसत होता की मलाच लाजल्यासारखं झालं. कामगाराला चूक दिसली तर तो दोरी ओढून सगळी लाईन थांबवू शकतो, असं त्याने सांगितलं. सानिकाने लगेच विचारलं, "पण थांबवल्यावर त्याला कुणी ओरडत नाही का?"

प्रमोदचे मॅनेजर मागेच उभे होते. ते खूश झाले. "अरे वा, फार चांगला प्रश्न. कुठल्या शाळेत आहेस, बेटा?"

आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं आहे. मी तिला पहिल्या दिवसापासून शिकवलंय, मान वर करून सांगायचं, मी घरी शिकते. लपवायचं काही नाही, लाजायचं काही नाही. मी कौतुकाने वाट बघत उभी राहिले.

"ताथवड्याला आहे सर, इंग्लिश मीडियमला," प्रमोद म्हणाला. "सहावीत."

"छान. क्लास टीचर कोण आहेत?"

"जाधव मॅडम," सानिका म्हणाली. जरासुद्धा अडखळली नाही. "त्या सायन्स पण शिकवतात. होमवर्क खूप देतात."

मॅनेजर हसले, तिच्या पाठीवर थोपटून पुढे गेले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. पण तोंडावर हसू तसंच चिकटवून उभी होते, कारण प्रमोदच्या शिफ्टमधली माणसं शेजारीच होती.

जेवण कॅन्टीनमध्ये होतं. पुरी, भाजी, जिलेबी, सगळं उत्तम. सानिका हात धुवायला गेली तसं मी विचारलं, "काय गरज होती?"

"तुला काय जातंय बोलायला," प्रमोद ताटाकडे बघतच म्हणाला. "मला रोज इथे बसून जेवायचं असतं. सुरुवातीला एकाला खरं सांगितलं होतं मी. तर कितीतरी दिवस सगळे विचारत होते, फी परवडत नाही का राव? पोरीला काही प्रॉब्लेम आहे का? उत्तरं देऊन देऊन वैताग आला मला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू इथे येऊन सगळ्यांना समजावत बसली असतीस."

तेवढ्यात सानिका आली आणि तिच्यामागे भोसले भाऊ. हे प्रमोदच्या लाईनवरचे, जवळच्याच गावचे, जमीन सांभाळून नोकरी करणारे. "वहिनी, पोरगी लई हुशार हाय तुमची," ते ताट घेऊन बसत म्हणाले. "काय गं, औंदा शाळंची सहल कुठं गेल्ती?"

"भाज्याची लेणी बघायला," सानिका म्हणाली. "पण माझी बेंच पार्टनर आजारी पडली, म्हणून मजा नाही आली."

भाज्याची लेणी आम्ही तिघांनीच बघितली होती. मी प्रमोदकडे बघितलं. तो माझ्याइतकाच चकित झाला होता. शाळेचं नाव त्याने घेतलं होतं, पण ही बेंच पार्टनर त्याची नव्हती.

दुपारी प्रमोद कंपनीत थांबला आणि आम्ही दोघी रिक्षाने बाजारात गेलो. कांद्याचा बाजार बघायचा तर शनिवारी, आणि जुन्या चपला घालून. ढिगाऱ्यांमधून वाट काढावी लागते, डोळे चुरचुरतात, आणि लिलाव इतका झटपट होतो की शेतकऱ्यालाही दोनदा विचारावं लागतं. आम्हाला काय कळणार? मी काढून आणलेले प्रश्न पिशवीतच राहिले. तिथून किल्ला जवळ आहे. किल्ला म्हणजे खंदक, थोडी तटबंदी आणि उरलेले बुरूज. सावली कमी, पाणी सोबत न्या. एका बुरुजाच्या आडोशाला बसलो आणि मी विचारलं, "जाधव मॅडम कोण?"

"कुणी नाही."

"मग इतक्या पटकन कशा सुचल्या?"

"सुचल्या नाहीत. आहेतच त्या," सानिका म्हणाली. "डान्स क्लासला, डॉक्टरकडे, रिक्षात, सगळे शाळाच विचारतात ना आई. आधी मी खरं सांगायचे. मग सगळे विचारतात, का गं, काय झालं? आणि मग तू बोलायला लागतेस आणि थांबतच नाहीस. मला तिथे नुसतं उभं राहायला लागतं. म्हणून तू नसलीस की मी शाळा सांगते. आज तर बाबांनीच आधी सांगितली."

आम्ही तिला सगळं मोकळेपणाने बोलायला शिकवलं होतं, आणि ती मोकळेपणानेच बोलत होती.

परतीची पीएमपी बस तुडुंब भरलेली होती. संध्याकाळी घरी येऊन चहा टाकला. खर्च म्हणाल तर बस, रिक्षा आणि उसाचा रस एवढाच, सहल स्वस्तात झाली. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जा. फक्त निघायच्या आधी मुलांना एकदा विचारा, त्यांना खरंच यायचंय का. मी कधी विचारलंच नव्हतं. प्रमोदसाठी शाळा सोडली, माझ्यासाठी घर वर्ग झालं, आणि हे सगळं तिच्यासाठी आहे असं मी इतकी वर्षं याच ब्लॉगवर लिहीत आले.

ओट्यापाशी उभ्या उभ्याच विचारलं, "तुला खरंच शाळेत जायचंय का?"

ती म्हणाली, "माहीत नाही. तुला वाईट वाटेल का?"

"नाही," मी म्हणाले, आणि तिला ते पटलेलं नाही हे मला दिसलं. मग उगाचच, जखमेवर आणखी मीठ हवं असल्यासारखं, विचारलं, "त्या तुझ्या शाळेच्या गोष्टीत मी कुठे असते?"

"तू नोकरीला जातेस. मी घरी येते तेव्हा घरी कुणीच नसतं. मी कुलूप उघडते आणि एकटीच दूध पिते. मग तू येतेस आणि विचारतेस, आज शाळेत काय झालं?"

"आणि तू काय सांगतेस?"

"काही नाही म्हणते," सानिका म्हणाली. "म्हणजे तुला शाळेतलं काहीच कळत नाही." त्या अख्ख्या दिवसात मी तिला एवढं खूश बघितलं नव्हतं.